मोटारीच्या टाकीची कल्हई

औसा तालुक्यात बेलकुंडला साखर कारखाना आहे. साखर तयार होताना उरलेल्या मळीपासून इथेनॉल बनवता येते आणि आज ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. पण याचा जुन्या मोटारीच्या टाकीशी काय संबंध?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. त्या काळी शिसे-कथिलाचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याच्या टाक्या जगभर रूढ होत्या. पितळी भांड्याला कल्हई, तसाच हा मुलामा. नुसत्या पेट्रोलमध्ये तो वर्षानुवर्षे टिके.

२०२५ साली भारतात पेट्रोलमधील इथेनॉल २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर वाढले, की पाणी आणि इथेनॉल यांचा वेगळा थर तळाशी बसतो. मग आधी मुलामा झिजतो, नंतर पोलाद गंजते आणि गंजाचे कण इंजिनाकडे जातात.

म्हणून बदली टाकी घेताना आकार, हवेची नळी आणि इंधनाची पातळी दाखवणारा तरंगक जुळवून भागत नाही. धातू किंवा आतला लेप इथेनॉलला टिकणारा हवा. गंजण्याचा पाठ शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.