औषध देणारा हात

मंडळी, घरात कोणी आजारी पडले की आपली गाठ दोन माणसांशी पडते. एक, रोग ओळखून औषध सांगणारा आणि दुसरा, ते औषध आपल्या हातात ठेवणारा. पहिल्याला आपण डॉक्टरसाहेब म्हणतो, बसायला खुर्ची देतो. दुसऱ्याला काय म्हणावे हे मात्र आपले अजून ठरलेले नाही. कोणी कंपाउंडर म्हणतो, कोणी केमिस्ट, कोणी नुसताच ‘मेडिकलवाला’. कायद्यात त्याचे नाव फार्मासिस्ट आहे आणि सरकारी दवाखान्यात तो औषध निर्माण अधिकारी असतो. आता एकाच माणसाला इतकी नावे का पडावीत? तर ही नावे एका दिवसात पडलेली नाहीत. त्या त्या काळात लोकांना जी गरज भासली, तिच्यातून एकेक नाव आले. त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे या माणसाचे काम नेमके काय, आणि त्याच्याकडून आपण काय मागून घ्यावे, हे आपोआप कळते.

आपल्याकडच्या जुन्या काळापासून सुरुवात करू. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. औषध तयार करून देणारा असा पाचवा पाय तिथे नाही. कारण उघड आहे. मुळी ओळखायची वैद्याने, कुटायची वैद्याने, काढा-चाटण-गुटी करायची वैद्याने आणि अनुपान सांगून रोग्याला द्यायचीही वैद्यानेच. फार तर शिष्य खलबत्ता धरी. पुढे बाजारपेठांतून काष्ठौषधींची दुकाने झाली. तिथे हिरडा, सुंठ, ज्येष्ठमध गुंजा-माशांवर तोलून मिळे. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक आजोबांच्या पिढीला तोंडपाठ असे.

या व्यवस्थेत एक मोठा गुण होता. औषध देणारा ओळखीचा होता आणि औषध डोळ्यांदेखत तयार होई. पण तिच्यात एक उणीवही होती. सगळे एकाच माणसाच्या हाती. त्याची मुळी चुकली, मात्रा चुकली, तर ती चूक पकडणारे दुसरे कोणी नव्हते.

मुळी चुकणे ही काही लहान गोष्ट नव्हे, बरे का. गोव्यात राहणारा गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य पाहा. इकडची औषधी द्रव्ये स्वतः पाहून आणि लोकांना विचारून त्याने एक ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. सारा ग्रंथ संवादाच्या रूपात आहे. हिंग कोणता, कापूर कुठला, या द्रव्याला कोणत्या देशात काय म्हणतात, एका नावाखाली दोन वस्तू तर खपत नाहीत ना, याचीच त्यात चर्चा आहे. आज ज्याला आपण औषधनिर्माणशास्त्र म्हणतो, त्याचा पहिला धडा हाच आहे: द्रव्य ओळखा. दुसरा धडा, ते शुद्ध आहे की नाही हे तपासा. तिसरा धडा, मात्रा ठरवा. आणि चौथा, रोग्याला घेता येईल असे रूप त्याला द्या. काढा असो की गोळी, मलम असो की इंजेक्शन, हे चार धडे सुटत नाहीत.

मग सांगणारा आणि देणारा हे दोघे निराळे केव्हा झाले? त्यासाठी आपल्याला देशाबाहेर जावे लागेल. आठव्या-नवव्या शतकात बगदाद शहरात औषधे तयार करून विकणाऱ्यांची स्वतंत्र दुकाने होती आणि बाजारावर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी त्यांची तपासणी करी. युरोपात १२४० च्या सुमारास सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सिसिली आणि दक्षिण इटलीच्या आपल्या राज्यासाठी एक कायदा केला. वैद्याने औषधाच्या दुकानात भागी ठेवू नये, औषध करणाऱ्याने ते ठरल्या रीतीनेच करण्याची शपथ घ्यावी आणि त्याच्या कामावर देखरेख असावी, असे त्यात होते. यातली मेख ध्यानात घ्या. जो औषध लिहितो त्यालाच विक्रीचा नफा मिळाला, तर चिठ्ठी लांबत जायची. आणि दोघे निराळे झाले की एकाच्या चुकीवर दुसऱ्याची नजर राहते. दुकान निराळे करणे ही यातली वरवरची गोष्ट झाली. खरी गोष्ट म्हणजे रोग्याच्या बाजूने आणखी एक डोळा उभा केला गेला.

आपल्याकडे ही पद्धत इंग्रजी दवाखान्यांबरोबर आली. गोव्यात पोर्तुगीज अमलात १८४२ साली वैद्यकशाळा निघाली, तिथे औषधनिर्माणाचेही शिक्षण होते. बाकी ठिकाणी बहुधा दवाखान्यातच हाताखाली राहून माणूस तयार होई. तोच आपला कंपाउंडर. कंपाउंड करणे म्हणजे मिसळणे. डॉक्टरची चिठ्ठी वाचून तो ग्रेन आणि औंसांच्या मापाने मिक्श्चर करी, पुड्या बांधी. घरून नेलेल्या बाटलीत तो औषध भरून देई, आणि बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवी. एका कातऱ्याएवढा एक डोस. कित्येक कंपाउंडर अनुभवाने इतके तरबेज झाले की गावाने त्यांनाच डॉक्टर मानले. पण त्याने काय शिकलेले असावे, याला देशभर एक नियम नव्हता. दुकानदाराचीही तीच गत. औषधे बाहेरदेशांतून येत, भेसळीची येत आणि कोणीही ती विकी. हिवतापावरचे क्विनीनसुद्धा हलक्या प्रतीचे निघू लागले, तेव्हा ओरड झाली.

या ओरडीमुळे १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९३१ साली समितीने अहवाल दिला. औषधांवर कायद्याने नियंत्रण हवे, तपासणीसाठी प्रयोगशाळा हव्यात, आणि औषध देणारा माणूस शिकलेला व नोंदलेला हवा, असे तिचे म्हणणे पडले. लगोलग १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांनी या विषयाचे विद्यापीठातले शिक्षण सुरू केले. १९४० साली औषधांचा कायदा झाला. त्याने औषध आणि दुकान यांच्यावर नजर ठेवली. १९४८ साली फार्मसी कायदा झाला. त्याने माणसाकडे पाहिले. तो काय शिकला, त्याचे नाव नोंदवहीत आहे का, हे विचारले जाऊ लागले. मात्र पाच वर्षे हे काम केलेल्या जुन्या कंपाउंडरांनाही पहिल्या नोंदवहीत येण्याची वाट ठेवली होती. त्यांच्या हातचा अनुभव वाया जाऊ दिला नाही. कंपाउंडर हा शब्द मागे पडून फार्मासिस्ट हा शब्द आला तो असा.

तुम्ही म्हणाल, कायदा झाला, शिक्षण आले, आता औषधे कारखान्यातून तयार गोळ्यांच्या रूपात येतात. मग दुकानात ती फळीवरून काढून देण्याखेरीज काम ते काय उरले? याचे उत्तर एका विषाच्या गोष्टीत आहे. डायएथिलीन ग्लायकॉल हे त्या विषाचे नाव. ते पातळ असते, रंगहीन असते आणि चवीला गोड लागते. ग्लिसरीनच्या जागी ते आले तर डोळ्यांना काही कळत नाही. रोग्याचे मूत्रपिंड मात्र निकामी होते. १९३७ साली अमेरिकेत एका कारखान्याने सल्फा औषध त्यात विरघळवून विकले. शंभराहून अधिक माणसे गेली, त्यांत पुष्कळ मुले होती. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच विष ग्लिसरीनमधून आले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंत ठिकठिकाणी ढिलाई झाल्याचे उघड झाले. आणि २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून तेच विष पुन्हा आले. वीसहून अधिक बालके गेली. त्यांतली कित्येक उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती.

या तिन्ही वेळी विष नवे नव्हते, की ते ओळखण्याची विद्या नव्हती असेही नाही; निदान पुढच्या दोन वेळी तरी ती होती. कमी पडली ती मधली माणसे. म्हणून फार्मासिस्ट म्हटले की नुसते दुकान डोळ्यांपुढे आणू नका. कारखान्यात कच्चा माल तपासणारा, तयार औषधाचा नमुना पारखणारा, रुग्णालयात साठा सांभाळणारा, सरकारतर्फे दुकानांवर आणि कारखान्यांवर जाणारा औषध निरीक्षक, महाविद्यालयात शिकवणारा, ही सारी याच विद्येची माणसे. ही एक साखळी आहे. तिची शेवटची कडी म्हणजे आपल्या गावचा दुकानदार. आधीची एखादी कडी निसटली, तरी निदान मात्रा, मुदत आणि औषधांचा एकमेकांशी होणारा झगडा तरी त्याच्या नजरेतून सुटू नये.

आता या धंद्यातले चार शब्द आपण समजून घेऊ. औषधाला दोन नावे असतात. एक मूळ नाव आणि दुसरे कंपनीने ठेवलेले व्यापारी नाव. पॅरासिटामॉल हे मूळ नाव झाले. ते पुष्कळ व्यापारी नावांनी विकले जाते. तापाची एक गोळी आणि सर्दीची दुसरी गोळी घेतली, तर दोन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. मग नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते आणि यकृताला धोका होतो. हे ओळखून थांबवणे फार्मासिस्टचे काम. पाकिटावरचा बॅच नंबर म्हणजे कारखान्यातल्या कोणत्या घाणीतले ते औषध आहे, याची खूण. औषधात दोष निघाला तर ह्याच खुणेवरून ते परत मागवतात. मुदत म्हणजे त्या तारखेपर्यंतच त्याच्या गुणाची हमी. आणि पाकिटावर उभी तांबडी रेघ असेल, तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. काही प्रतिजैविके आणि क्षयाची औषधे कोणी लिहिली, कोणाला दिली, हे दुकानदाराने वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. २०१५ साली झालेल्या नियमांत तर औषध कसे घ्यावे हे रोग्याला समजावून सांगणे, हेही फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे.

खेड्यातली अडचण मला माहीत आहे. तालुक्याच्या डॉक्टरकडे जायचे तर मजुरीचा दिवस मोडतो. म्हणून माणूस दुकानावर जातो आणि “अंग दुखतंय, दोन गोळ्या दे” म्हणतो. कुठे कुठे भिंतीवर फार्मासिस्टचे प्रमाणपत्र टांगलेले असते आणि गल्ल्यावर भलताच कोणी बसलेला असतो. म्हणजे सातशेहून अधिक वर्षांपूर्वी जो दुसरा डोळा रोग्यासाठी उघडला गेला, तो इथे पुन्हा मिटला. अशा वेळी फार्मासिस्ट कोण आहेत, ते केव्हा भेटतील, हे विचारायला संकोचू नका. तो तुमचा हक्क आहे. पावती घ्या, तिच्यावर बॅच नंबर आहे का पाहा. हे औषध कशासाठी, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि घरात चालू असलेल्या औषधाबरोबर चालेल का, एवढे चार प्रश्न विचारा. जाणता फार्मासिस्ट अशा प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक काम तुमच्याकडे. एखाद्या शनिवारी मुलांना घरातली रिकामी पाकिटे आणायला सांगा आणि त्यांवरचे मूळ नाव, बॅच नंबर, मुदत आणि तांबडी रेघ वाचायला शिकवा. अक्षरओळख झालेले पोर घरी आजीच्या गोळीची तारीख वाचून दाखवील. शाळेतल्या वाचनाचा याहून रोकडा उपयोग दुसरा कोणता असणार?