इनामगाव : नावाचे वय व वस्तीचे वय

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेस मिळणाऱ्या घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव हे लहानसे खेडे आहे. पर्जन्य बेताचे; नदीकाठची काळी जमीन मात्र कसदार. ग्रामनामांच्या अभ्यासकाने येथे सावध राहावयास हवे. ‘इनाम’ हा शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. तेव्हा हे नाव मुसलमानी अंमलापूर्वीचे असणे संभवत नाही. केवळ नावावरून येथील वस्तीचा आरंभ ठरवू जाणारा अडीच हजारांहून अधिक वर्षांनी चुकेल.

त्या मानाने ‘पांढरी’ हा शब्द अधिक बोलका आहे. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. अशाच पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन डेक्कन कॉलेजच्या वतीने सांकलिया, अन्सारी व ढवळीकर यांनी १९६८ ते १९८३ या काळात केले. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास येथे प्रथम माळवा संस्कृतीचे लोक आले. पुढे जोर्वे संस्कृतीची वस्ती इ. स. पूर्व ७०० पर्यंत टिकली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. सातू हे मुख्य पीक होते आणि पाण्यासाठी पाटही काढलेला होता. मृतांना घरातच पुरीत व प्रौढांची पावले तोडीत. पाच दालनांच्या एका घराच्या अंगणात मात्र कच्च्या मातीच्या, चार पायांच्या रांजणात बसविलेला एक पुरुष सापडला. त्याची पावले शाबूत होती. तो ग्रामप्रमुख असावा, हा उत्खननकारांचा तर्क सयुक्तिक वाटतो.

अखेरच्या कालखंडात चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पर्जन्य घटल्यामुळे ही अवकळा आली, असे ढवळीकरांचे मत. त्या कारणाविषयी पुढील संशोधकांत एकमत नाही. अवनती मात्र घरांच्या आकारातच दिसते.

आजचे गाव हे त्या वस्तीचे अखंड सातत्य आहे असे मानण्यास उत्खननात आधार नाही. भाषेविषयी तर अधिकच संयम हवा. येथे एकही अक्षर लिहिलेले मिळाले नाही. असे असता या लोकांस द्राविडभाषी वा आर्यभाषी ठरविणे पुराव्यास सोडून होईल. खापरावरून भाषेचे कुल ओळखता येत नाही. ‘जोर्वे’ ही संज्ञादेखील संगमनेरजवळच्या एका खेड्यावरून आपण दिलेली आहे.