सोलांच्या पाण्यातील मासे

यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या इतिहासावर काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आरमार, किल्ले आणि जुन्या सनदा हेच विषय प्रथम आमच्या मनात आले. परंतु त्यांवर आमच्यापेक्षा अधिकारी मंडळींनी मागील अंकांतून विपुल लिहिले आहे. आम्ही पडलो शाळामास्तर. मॅट्रिकच्या पलीकडे आमची मजल गेली नाही. शिवाय गेल्या स्नेहसंमेलनातील एक प्रसंग मनात घोळत होता. पंक्तीत रवा लावून तळलेले बांगडे व सरंग्याच्या तुकड्या वाढल्या जात असता आम्ही सहज विचारले, की सोलांच्या पाण्यातले मासे कोणी का केले नाहीत? शेजारी बसलेला एक सुविद्य तरुण हसून म्हणाला, "मास्तर, उकडलेले मासे आजाऱ्यांनी खायचे!" त्या क्षणी आम्हांस उत्तर सुचले नाही. ते आज देत आहोत.

आमचे बालपण समुद्रकाठी गेले. आजोबा रापणीत होते. नव्या पिढीने रापण पाहिली नसेल, म्हणून दोन शब्द सांगतो. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडावयाचे आणि त्याची दोन्ही टोके दोरांनी किनाऱ्यावरून ओढावयाची. या कामास माणसे पुष्कळ लागत आणि मासळीचे वाटे पडत. वाटे पडेपर्यंत ऊन डोक्यावर येई. मग तीन दगडांवर मातीची तवली चढे. तीत एक लोटा समुद्राचे पाणी व दोन लोटे विहिरीचे, मूठभर सोले, ठेचलेली तिरफळे आणि असल्यास एखादी हिरवी मिरची, एवढाच सरंजाम. पाण्यास खळखळून उकळी आली, की आजोबा खालची लाकडे मागे ओढीत आणि मगच साफ केलेले पेडवे आत सोडीत. आम्ही ढवळावयास गेलो, की ते ओरडत, "डाव घालू नको, तवली हालय." तवली दोन्ही हातांनी फडक्यात धरून हलकेच हिसका देत. थोड्याच वेळात अन्न सिद्ध होई.

पुढे शाळेत विज्ञान शिकवू लागलो, तेव्हा या अशिक्षित म्हातारपुरुषाच्या रीतीत किती विचार भरला होता, हे आमच्या ध्यानी आले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात दुप्पट गोडे पाणी मिसळले, म्हणजे लिटरमागे बारा ग्रॅमच्या आसपास मीठ राहते, आणि रश्शाला साधारण तेवढेच लागते. माशाचे मांस बकऱ्याच्या मांसासारखे दीर्घ तंतूंचे नसते. त्याचे तंतू आखूड असून त्यांना सांधणारे पडदे नाजूक असतात. ते पाणी उकळण्यापूर्वीच, बऱ्याच कमी उष्णतेवर विरघळतात. म्हणून मासा उकळीत ठेवला तर फुटतो आणि डाव घातला तर त्याचा चुरा होतो. लाकडे मागे ओढण्याचे मर्म हे. फ्रान्समधील निष्णात आचारीही पाण्यात शिरका किंवा द्राक्षाची मदिरा आणि सुवासिक पाला घालून, उकळी येऊ न देता मासा शिजवितात. त्यांची कृती ग्रंथांतून छापली जाते, आपली रापणीच्या वाळूत राहिली, इतकाच काय तो भेद!

आंबटाचेही तसेच. मासा पाण्याबाहेर आल्यावर काही काळाने त्यास जो वास येऊ लागतो, तो ट्रायमिथिलअमाइन नावाच्या द्रव्याचा. हे द्रव्य अल्कधर्मी असल्यामुळे आम्लाशी त्याचा संयोग होतो आणि वास दबतो. सोले, चिंच, बिंबले, कैरी यांपैकी काहीतरी आपल्या रश्शात असतेच, त्याचे एक कारण हे होय. मोरीच्या मांसात युरिया अधिक असतो आणि त्यापासून अमोनियाचा दर्प निर्माण होतो. तिला तर आंबटावाचून गत्यंतरच नाही. शिवाय आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत कळकतो, मातीच्या तवलीस ते भय नाही.

आता इतिहासाकडे वळू. ही रीत किती जुनी? आपल्या लोकांनी काही लिहून ठेविले नाही, परक्यांनी ठेविले. यान हुइखेन व्हान लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस म्हणून राहिला. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तो नमूद करतो, की येथील लोक मासे रश्शात शिजवितात आणि तो रस्सा भातावर घेतात; तो किंचित आंबट, कच्च्या द्राक्षांत शिजविल्यासारखा लागतो, पण रुचकर असतो; आणि हेच त्यांचे रोजचे अन्न आहे. या पदार्थाचे त्याने दिलेले नाव 'करी' या शब्दाचेच जुने रूप आहे. वाचकहो, आज जगभर ज्या शब्दाचा डंका वाजतो, त्याच्या अगदी आरंभीच्या नोंदींपैकी एक नोंद आपल्या किनाऱ्यावरच्या आंबट माशांची आहे! त्या वर्णनात तिखटाचा उल्लेख नाही, आंबटपणाचा मात्र आवर्जून आहे, हे आम्हांस विशेष वाटते.

त्याच्याही आधी, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात, आतून तांबड्या व अत्यंत आंबट अशा एका फळाचे वर्णन करून, त्याची साल सुकवून ठेवतात असे सांगितले आहे. हे आपले रातांबे आणि ही आपली सोले, हे कोणीही कोकणी माणूस सांगेल. मिरची मात्र या भूमीची नव्हे. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर सोळाव्या शतकात आली; तिचे नावच मुळी आपण मिऱ्यावरून पाडले. तेव्हा ज्या लालभडक रश्शाला आपण 'अस्सल' म्हणून मिरवितो, त्याच्या रंगाचे वय पाचशे वर्षांच्या आतले आहे. नारळ मात्र फार जुना. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात नारळीच्या झाडांच्या दानाचा उल्लेख आहे, आणि तो लेख इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला. पण रापणीवर नारळ वाटावयास पाटा कोठून येणार?

तळणाचा अभिमान बाळगणाऱ्यांसाठी आणखी एक पुरावा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, शके १०५१ च्या सुमारास, 'मानसोल्लास' रचला. त्यात मासे पकडण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि माशांच्या पाककृतीही आहेत. त्यांतील तळलेल्या माशाची कृती पाहावी. तुकडे प्रथम चिंचेच्या कोळात शिजवावयाचे, मग पीठ लावून तेलात तळावयाचे. म्हणजे राजाच्या मुदपाकखान्यातही मासा आधी आंबट पाण्यात शिजे आणि मग तेलात पडे.

केवळ ताजी मासळी खाण्यासाठीच उकडत असे मात्र नाही. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४३ मध्ये मालदीव बेटांत गेला. तेथे माशाचे चार तुकडे करून, थोडे उकडून, झावळ्यांच्या टोपल्यांत धुरावर टांगून सुकविलेले त्याने पाहिले. आपल्या देशातील मिनिकॉय बेटावर कुपा मासा आजही याच प्रकारे टिकवितात. आपण बोंबील, बांगडे उन्हात वाळविले. त्यांनी आधी शिजविले, मग धुरविले.

इतकी जुनी रीत आमच्या डोळ्यांदेखत का मागे पडली? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांत्रिक नौका आल्या, बर्फ आला, मासळी दूरच्या शहरांत जाऊ लागली. रापणी थोड्याच उरल्या. बर्फातला चार दिवसांचा मासा रवा-मसाल्याखाली खपून जातो. सोलांच्या पाण्यात तो लगेच ओळखू येतो. मासा ताजा नसेल तर हा पदार्थ करूच नये, आणि शहरात ताजा मासा दुर्मिळ. हे कारण खरेच आहे. पण सगळा दोष बर्फावर ढकलून आम्हांस मोकळे होता येत नाही.

नोकरीस लागून दोन-तीन वर्षे झाली असतील. शाळा तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांना आम्ही घरी जेवावयास बोलाविले. आईने पहाटे किनाऱ्यावर जाऊन पेडवे आणले आणि आपल्या रीतीने पाण्यात केले. आम्ही तवली पाहिली आणि वरमलो. "साहेबांना हे गरिबांचे पाणी काय वाढतेस? तळून काहीतरी कर," असे बोललो. ती काही बोलली नाही. शेजारून तेल उसने आणले, इसवणाच्या तुकड्या आणविल्या, तळल्या. साहेब तृप्त होऊन गेले. तवलीतले मासे तिने रात्री एकटीने खाल्ले. त्यानंतर आमच्या घरी पाहुण्यांसाठी तिने ते कधी केले नाहीत आणि आम्हीही पुन्हा मागितले नाहीत. पुढे ती गेली.

मागील वर्षी मुंबईहून सूनबाईने दूरध्वनीवरून विचारले, "बाबा, आजी पेडवे पाण्यात करायच्या, त्याचे प्रमाण सांगाल?" लाकडे कधी ओढावयाची ते आम्ही सांगितले, तवली हलविण्याचे सांगितले. सोले किती, ती उकळीपूर्वी घालावयाची की नंतर, तिरफळांच्या बिया काढून ठेचावयाची की सबंध, यांतले काहीच धड सांगता येईना. रापणीवरचे प्रमाण मुठीचे, आणि ती मूठ आजोबांची.

यास्तव ज्ञातीतील वयोवृद्ध माताभगिनींना विनंती, की आपल्या घरची रीत, गावाचे व माशाचे नाव घालून, मंडळाच्या कार्यालयाकडे लिहून पाठवावी. लिहिता येत नसेल तर नातवंडांकडून लिहून घ्यावी. आमच्या दोघी बहिणींस आम्ही विचारून पाहिले. थोरली म्हणते, आई चार पेडव्यांना पाच सोले घाली आणि तीही पाण्याबरोबरच. धाकटी म्हणते, सात, आणि मासे घातल्यावर. दोघीही शपथेवर सांगतात.