किल्ली कुणाच्या खिशात?

मंडळी, ऑर्कुट आठवतंय ना? गूगलने २००४ साली सुरू केलं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंदही केलं. निर्णय कंपनीचा, आठवणी आपल्या!

२०१६ मध्ये मॅस्टोडॉन आलं. एकमेकांशी बोलणारे अनेक स्वतंत्र सर्व्हर. एक बंद होणार असेल तर वेळीच फॉलोअर्ससकट दुसरीकडे बिऱ्हाड हलवता येतं. जुनं लिखाण मात्र मागेच राहतं.

जुलै २०२३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमची व्हॅनमूफ ही इलेक्ट्रिक सायकलींची कंपनी दिवाळखोरीत निघाली. सायकलीची डिजिटल किल्ली तिच्याच सर्व्हरवरून यायची. लोक धास्तावले. तेव्हा काउबॉय या बेल्जियन स्पर्धक कंपनीने ती किल्ली आपल्या फोनमध्ये उतरवून घेणारं अ‍ॅप काढलं.

मला विचाराल तर गप्पांचा कट्टा असो वा सायकल, किल्ली आपल्याकडे असेल तरच ती वस्तू आपली. पटतंय का?