नोकर

वालीव नाक्यावर सकाळी रिक्षांतून उतरून औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांकडे निघालेल्यांच्या तोंडी 'नोकरी' हा शब्द असतो. त्याचं मूळ मंगोल आहे. 'नोकोर' म्हणजे साथीदार. आपलं कुळ सोडून एका नेत्याशी इमान बांधणारा लढवय्या.

जेल्मे हा असाच एक नोकोर. त्याला त्याच्या बापाने तेमुजिनकडे आणून सोडलं ते घोड्यावर खोगीर घालायला आणि दार उघडायला. पुढे तेमुजिनच्या मानेत बाण लागला, तेव्हा याच जेल्मेने जखमेतलं रक्त तोंडाने ओढून काढलं. १२०६ मध्ये तेमुजिन चंगीझखान झाला, जेल्मे सेनानी. फौज दहा, शंभर, हजार अशी बांधलेली. दहांतले एकदोघे रणातून पळाले, तर दहाही जणांना देहान्त! असलं इमान भीतीपासून वेगळं काढणं कठीणच.

मंगोलांनी इराण जिंकल्यावर शब्द फारसीत शिरला, तिथून मराठीत. वाटेत साथीदाराचा हुकमाचा ताबेदार झाला. नोकराच्या जोडीचा 'चाकर'ही तसा गरीब घरचा नव्हे. मध्य आशियातल्या सोग्द प्रांतात तो सरदाराच्या खासगी पथकातला शिपाई होता.