सगळं सारखंच पडतं का? एका ‘नाही’चा इतिहास

जव्हार-मोखाड्याकडे मोहाचं फूल आणि दगड एका उंचीवरून सोडले, तर दगड आधी पडेल. हवा काढून टाकली, तर दोन्ही एकदमच पडतील, हे आपण शाळेत शिकलो. पण ‘एकदम’ म्हणजे नेमकं किती एकदम? आईनस्टाईनचा गुरुत्वाचा सिद्धांत याच समानतेवर उभा आहे. तिथे केसाएवढा फरक निघाला, तरी पायाच हलेल.

हंगेरीच्या एटव्हश यांनी हे तपासायला बारीक तारेला दांडा टांगला आणि त्याला वेगवेगळे पदार्थ लावले. गुरुत्वाची ओढ पदार्थागणिक बदलत असेल, तर तारेला पीळ बसणार. फरक सापडला नाही. त्यांच्या गटाचे आकडे १९२२ साली छापले गेले. मात्र १९८६ मध्ये फिशबाख आणि सहकाऱ्यांनी तेच आकडे पुन्हा वाचले आणि म्हटलं, इथे तर पाचव्या बलाची खूण दिसते! जगभर खळबळ उडाली.

उत्तर शोधणाऱ्यांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही होती. कौशिक, कृष्णन, टंडन आणि उन्नीकृष्णन यांचा हा प्रयोग झाला कर्नाटकात, गौरीबिदनूरला, जमिनीखाली सुमारे २५ मीटरवर. कारण साधं: तिथे तापमान स्थिर, हादरे कमी. १९८८ मध्ये त्यांनी सांगितलं, असं बल दिसत नाही. इतर देशांतल्या प्रयोगांतूनही तेच निघालं आणि पाचव्या बलाचा तो दावा मागे पडला.

मग अणू आले. १९९१ मध्ये स्टॅनफर्डला कॅसेविच आणि चू यांनी अतिथंड अणूंवर लेझरचे तीन झोत सोडले. पहिल्याने अणूची लहर दोन वाटांना फुटते, दुसऱ्याने त्या वाटा वळतात, तिसऱ्याने पुन्हा जुळतात. जुळताना लहरी किती मागेपुढे झाल्या, त्यावरून गुरुत्व मोजता येतं. २०२० मध्ये तिथेच, १० मीटर उंचीच्या नळीत रुबिडियमचे ८५ आणि ८७ हे दोन प्रकार एकत्र पडू दिले. लाख कोटीत काही भाग इतक्या बारकाईपर्यंत फरक नाही.

कुणी विचारेल, उपग्रहात धातूचे तुकडे वापरून याहून बारीक मोजमाप झालंय, मग अणूच कशाला? धातूचा तुकडा घडवताना कमीजास्त होतो. एका प्रकारचे अणू मात्र सगळे तंतोतंत सारखे. शिवाय इथे एकच अणू एकाच वेळी दोन वाटांनी पडत असतो. गुरुत्व त्याला कसं वागवतं, हा प्रश्न धातूच्या तुकड्याला विचारताच येत नाही.

आपल्याकडे पुण्याच्या आयसरमध्येही अतिथंड अणूंवर काम चालतं. उत्तर पुन्हा ‘फरक नाही’ असंच आलं, तर हिरमुसायचं कारण नाही. गौरीबिदनूरच्या त्या खोल जागेतूनही ‘नाही’च वर आलं होतं, आणि त्यानेच एक वाद मिटायला मदत झाली.