मार्कंड्याच्या देवळांची फेरी

मार्कंडादेवची देवळे गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर आहेत. एरवी दक्षिणेकडे धावणारी ही नदी इथे वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते. काशीलाही गंगा उत्तरवाहिनी आहे, म्हणून मार्कंड्याला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. शिल्पांमुळे ‘विदर्भाचे खजुराहो’ हे दुसरे नाव पडले, पण ते बाहेरच्यांनी दिलेले. गावकऱ्यांच्या लेखी नदीचे वळणच अधिक महत्त्वाचे. खाली चपराळ्याजवळ वर्धा येऊन मिळते आणि दोघींची प्राणहिता होते.

देवळे पाहायची ती नदीकडून. आधी स्नान, मग दर्शन, मग प्रदक्षिणा हा यात्रेकरूंचा क्रम इथल्या रचनेशी चांगला जुळतो. रोमसारख्या शहरात अवशेष दाखवणाऱ्या माणसाला वक्ता सिसेरोच्या नावावरून ‘चिचेरोने’ म्हणत, कारण त्याच्याकडून अखंड बोलण्याची अपेक्षा असे. मार्कंड्यात ते काम फेरीच करते. देवळाला उजवीकडे ठेवून चालत गेले की भिंती आपोआप क्रमाने समोर येतात.

प्राकाराच्या आत अनेक लहानमोठी देवळे दाटीने उभी आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी 1873-74 च्या मध्य प्रांतातल्या दौऱ्यात ती पाहिली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अहवालमालेच्या नवव्या खंडात, 1879 साली, त्यांचे वर्णन छापून आले. त्यांच्या मापाप्रमाणे प्राकार 196 फूट लांब आणि 118 फूट रुंद आहे. एवढ्या जागेत इतकी देवळे म्हणजे दोन भिंतींमध्ये अनेक ठिकाणी माणूस जेमतेम मावतो. काही देवळांचा आता जोताच शिल्लक आहे.

गावात ही देवळे हेमाडपंती म्हणून सांगतात. चुन्याशिवाय रचलेले कोणतेही जुने दगडी देऊळ हेमाडपंताच्या खात्यावर टाकायची महाराष्ट्राची सवयच आहे. हेमाडपंत म्हणजे यादवांचा मंत्री हेमाद्री, तो तेराव्या शतकातला. मार्कंड्याची घडण मात्र त्याआधीची, साधारणपणे नवव्या ते बाराव्या शतकांमधली मानली जाते. दख्खनच्या पठारावरील देवळांपेक्षा तिचा जवळचा संबंध मध्य भारताच्या नागर शैलीशी दिसतो. खजुराहो आधीच पाहिलेल्या कनिंगहॅमना ते साम्य लगेच जाणवले.

मुख्य देऊळ मार्कंडऋषीचे. पुढे अर्धमंडप, मग सभामंडप, अंतराळ आणि शेवटी गर्भगृह, अशी त्याची मांडणी. सगळे वैभव मात्र बाहेरच्या भिंतीवर आहे. जंघेवर, म्हणजे भिंतीच्या मधल्या भागावर, मूर्तींचे तीन थर एकावर एक चढवले आहेत: देव, देवी, अप्सरा, काही मैथुनशिल्पे, आणि दोन मूर्तींच्या मधल्या जागेत सिंह-हत्ती. कनिंगहॅमनी माणसांच्या आणि देवांच्या आकृती मोजल्या, त्या चारशेच्या वर भरल्या. भिंत एका रेषेत नाही, ती कोपऱ्याकोपऱ्याने आत-बाहेर होत जाते. म्हणून एका जागी उभे राहून मूर्तींचा निम्मा भागही दिसत नाही. दुपारच्या उन्हात त्या सपाट वाटतात. तिरप्या उजेडात मात्र खोबणीत सावली साचते आणि कंबर, गुडघे, दागिने उठून दिसतात. ज्याला घाई आहे त्याने निदान सकाळ किंवा संध्याकाळ गाठावी.

आत गेल्यावर निराळेच दृश्य दिसते. इंग्रजी अंमलापूर्वी कधीतरी शिखरावर वीज पडली, वरचा भाग मंडपाच्या छतावर कोसळला आणि छत फुटले. नंतर ते सावरण्यासाठी मंडपात जाडजूड खांब आणि कमानी उभारल्या. ही दुरुस्ती गोंड राजांची, अशी नोंद आहे. मूळ कारागिराच्या नाजूक हातापुढे हे काम ओबडधोबड दिसते आणि कनिंगहॅमच्या काळापासून पाहणाऱ्यांनी त्याला नावे ठेवली. पण कोसळू पाहणारे छत त्याच खांबांनी तोलले, आणि मंडपात पूजा चालू राहिली. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राज्याचा इतिहास शोधणाऱ्याला हे खांब शिल्पांइतकेच बोलके वाटतील.

मुख्य देवळाभोवतीच्या लहान देवळांची नावे कथेतून आलेली आहेत. मृकंड ऋषीचा मुलगा मार्कंडेय, त्याला आयुष्य सोळा वर्षांचे. मुदत भरली तेव्हा त्याने शिवलिंगाला मिठी मारली आणि न्यायला आलेल्या यमाला शिवाने हटवले. या गोष्टीतली माणसे इथे देवळांच्या रूपाने एकत्र नांदतात. मृकंडाचे देऊळ आहे, यमधर्माच्या नावाचेही आहे. ज्याच्यापासून सुटका झाली त्यालाही प्राकारात जागा द्यावी, हा लोकमनाचा मोठेपणा म्हणायचा की सावधपणा?

राजवटी बदलत गेल्या. गोंडांनंतर 1751 मध्ये चांद्यावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, मग इंग्रजांचा. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला आणि मार्कंडा त्यात आले. देवळे आता केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत. मुख्य देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम गेल्या दशकात हाती घेतले गेले आणि रेंगाळले. पडझड झालेल्या देवळात प्रत्येक दगडाची जागा नोंदवावी लागते, म्हणून असे काम सावकाशच होते. कठीण प्रश्न मंडपाचा आहे: नंतरचे खांब काढले तर मूळ मंडप मोकळा होईल, पण देवळाच्या आयुष्यातला एक मोठा टप्पा पुसला जाईल.

महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. गडचिरोली-चंद्रपूरबरोबरच तेलंगण आणि छत्तीसगडमधूनही लोक येतात. वैनगंगेत स्नान करून रांगेत उभे राहतात, दर्शन घेऊन प्राकाराला फेरी घालतात, आणि त्या गर्दीत बाहेरच्या भिंतीकडे मान वर करून पाहायला फारसे कोणी थांबत नाही.